कागद खर्ची पडण्यापूर्वी

छायाचित्रकाराला दोनदा पाहावे लागते. एकदा कॅमेऱ्यामागे उभे राहून, आणि दुसऱ्यांदा निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढावयास बसताना. पहिल्या पाहण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याविषयी त्या मानाने फारच थोडे. हौशी माणसाचा पैसा मात्र बहुतांशी या दुसऱ्या ठिकाणीच जातो. एकदा प्रकाश खाल्लेला कागद पुन्हा कोरा होत नाही, आणि त्यावरचे चित्र मनासारखे उतरले नाही तर तो टोपलीत टाकण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा अखेरची प्रत कशी येईल याचा अंदाज आधीच आणि स्वस्तात यावा, ही धडपड या कलेच्या बाल्यावस्थेपासून चालत आली आहे. संगणकाच्या पडद्यावर जिला आज ‘सॉफ्ट प्रूफ’ म्हणतात ती सोय या धडपडीचे सर्वांत अलीकडचे रूप होय. तिचे पूर्वज अधिक जुने, आणि मराठी माणसाला अधिक जवळचे आहेत.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 च्या ऑक्टोबर महिन्यात स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. मुंबईच्या संस्थेत युरोपीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सभासद होते. नारायण दाजी पेशाने वैद्य. पण छायाचित्रणात त्यांनी असे प्रावीण्य मिळविले की, त्या काळच्या हिंदी छायाचित्रकारांची नावे घेताना हरिश्चंद्र चिंतामण यांच्या जोडीला त्यांचे नाव आजही घ्यावे लागते. या मंडळींना प्रत काढणे म्हणजे काय करावे लागे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

काचेवरची निगेटिव्ह एका लाकडी चौकटीत बसवावयाची, तिला चांदीच्या क्षारांनी संस्कारलेला कागद चिकटून ठेवावयाचा, आणि ती चौकट उन्हात मांडावयाची. चित्र उन्हानेच उमटत असे. डेव्हलपरची गरज नसे. चौकटीची पाठ दोन तुकड्यांची असून त्यांना बिजागऱ्या असत. एक तुकडा दाबून धरलेला राहिला की दुसरा उघडता येई आणि कागदाचा तेवढा कोपरा उचलून चित्र कितपत उतरले आहे ते डोळ्यांनी पाहता येई. कागद जागचा हलत नसल्यामुळे पाहून झाल्यावर चौकट मिटून पुन्हा उन्हात ठेवली तरी रेषा दुहेरी होत नसत. इतकी साधी सोय! पण तिच्यात पुढच्या सगळ्या शोधांचे मर्म साठविलेले आहे. काम पुरे होण्याच्या आधी, काम न बिघडविता, डोकावून पाहता येणे हे ते मर्म होय.

या डोकावण्यातही एक अडचण होती. चौकटीत दिसणारे चित्र हे अखेरचे चित्र नसे. पुढे ते सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात घालून त्याचा तांबूसपणा घालवावा लागे, आणि मग हायपोत घालून पक्के करावे लागे. या दोन्ही स्नानांत चित्र फिके पडत असे. म्हणून कसबी मनुष्य चौकटीत चित्र हवे त्यापेक्षा गडद होऊ देई. किती गडद, हे कोणत्याही पुस्तकात नेमके सांगता येत नसे. नवशिक्याला चौकटीत सुंदर दिसलेले चित्र हायपोतून निघाले की आजारी माणसासारखे पांढरेफटक दिसे. सरावलेला मनुष्य काळवंडलेल्या चित्राकडे पाहून आत लपलेले अखेरचे चित्र ओळखी. जे दिसते आहे त्यावरून जे व्हावयाचे आहे ते ताडावयाचे, हे या धंद्यातले खरे ज्ञान. ते तेव्हाही विकत मिळत नव्हते.

याच कागदाने ‘प्रूफ’ हा शब्द फोटोच्या दुकानांत रूढ केला. गिऱ्हाईकाला चित्र पसंत आहे की नाही हे विचारण्यासाठी स्टुडिओवाले उन्हात उतरविलेली, पण सोन्याचे आणि हायपोचे संस्कार न केलेली, तांबूस प्रत देत असत. त्यात काटकसर होती आणि व्यवहारचातुर्यही होते. पक्की न केलेली प्रत उजेडात राहिली की हळूहळू काळी पडे. गिऱ्हाईकाने ती पुस्तकाच्या पानांत दडवून ठेवली तरी दर वेळी पाहण्यासाठी उघडताच ती थोडी अधिक काळी होणार! तेव्हा फुकटच्या प्रुफावर समाधान मानून पैसे वाचविण्याची वाट आपोआपच बंद होत असे.

पुढे डेव्हलपरने उमटणारे कागद आले. लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत 1893 च्या सुमारास ‘व्हेलॉक्स’ नावाचा कागद बाजारात आणला आणि 1899 साली त्याचे हक्क ईस्टमन यांच्या कंपनीने विकत घेतले. या कागदावर दिव्याच्या उजेडात प्रत काढता येई. उन्हाची वाट पाहावयास नको. ब्रोमाइडचा कागद तर त्याहून चपळ. अंधारखोलीतल्या एन्लार्जरखाली काही सेकंद ठेवला की काम झाले. या शोधांची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती यथार्थही आहे. पण त्यांनी एक गोष्ट हिरावून घेतली, ती म्हणजे डोकावण्याची सोय. प्रकाश पडून गेला तरी कागद कोराच दिसतो. डेव्हलपरमध्ये पडल्यावाचून तो काही बोलत नाही, आणि तो बोलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी ‘टेस्ट स्ट्रिप’ आली. कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यावी, चित्राच्या महत्त्वाच्या भागावर ती मांडावी, आणि पुठ्ठ्याने झाकत झाकत एका टोकाला दोन, पुढच्या भागाला चार, त्यापुढे आठ असे वाढते सेकंद द्यावेत. डेव्हलपरमध्ये पायऱ्या उमटतात आणि त्यांतली योग्य पायरी निवडून मग अखंड कागद वापरावयाचा. यातही पुन्हा तेच जुने दुखणे होते. ओली पट्टी लाल दिव्याखाली जशी दिसते तशी ती वाळल्यावर दिसत नाही. वाळली की उजळ भाग किंचित मंदावतात आणि सारे चित्र अंमळ गडद होते. म्हणजे चौकटीतल्या कागदाच्या उलट. तेथे जास्त गडद करावे लागे, येथे थोडे फिके राखावे लागते. साधन बदलले, अंदाजाची दिशा उलटली. अंदाजाची गरज मात्र तशीच राहिली.

घरातल्या घरात, तुटपुंज्या पैशांत, छोट्या तुकड्यावरून मोठ्या कामाची परीक्षा करण्याचा सर्वांत मोठा मराठी दाखला दादासाहेब फाळके यांचा आहे. त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून सारे ओळखतात. त्यापूर्वी ते काय होते, याचा विचार कमी होतो. 1870 साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालविला, पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नक्षानवीस म्हणून नोकरी केली, ठसे खोदण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी 1909 साली जर्मनीची वारी केली. म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंतचे त्यांचे आयुष्य निगेटिव्ह, ठसा आणि प्रूफ यांच्याच संगतीत गेले होते. ठसा यंत्रावर चढविण्यापूर्वी त्याची एक प्रत ओढून पाहावी, ही छापखान्यातली शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती.

1911 साली मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिल्यापासून त्यांना चित्रपटाने झपाटले. आयुष्याच्या विम्याची पत्रे गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनला प्रयाण केले. तेथून विल्यम्सन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र, डेव्हलपिंगचे साहित्य आणि कच्ची फीत मागवून घेण्याची व्यवस्था करून ते 1 एप्रिलला परतले. कारखाना म्हणजे दादरचा राहता बंगला. त्या वेळी कच्च्या फितीला कडेची भोके पाडून घ्यावी लागत, आणि तीही अंधारात, हाताच्या अंदाजाने. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी उचलले. फीत डेव्हलप करावयास, रसायने मिसळावयास त्या शिकल्या. चित्रण चालू असताना पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड पात्रांच्या तोंडावर फेकण्याचे कामही त्यांनीच केले. घरातला स्वयंपाक आणि घरातली अंधारखोली या दोन्हींचा भार एकाच व्यक्तीवर होता. हिंदी चित्रपटाच्या पहिल्या रसायनशाळेचे श्रेय द्यावयाचे झाले तर ते या बाईंनाच द्यावे लागेल.

पण कथापट काढावयास भांडवल हवे होते, आणि भांडवलवाल्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फीत अवघी मिनिटभराची होती. त्या काळच्या सेकंदास सोळा चित्रांच्या मानाने हिशेब केला तर मिनिटास साठ फूट फीत आणि हजाराच्या आतबाहेर चित्रे होतात. ‘राजा हरिश्चंद्र’ 3,700 फुटांचा झाला, म्हणजे त्यात साठ हजारांच्या आसपास चित्रे होती. साठ फूट फीत जाळून 3,700 फुटांची खात्री पटविणे, ही टेस्ट स्ट्रिपच नव्हे काय? त्या मिनिटाने कॅमेरा स्थिर राहतो हे सिद्ध केले, घरी पाडलेली भोके सारख्या अंतरावर आहेत हे सिद्ध केले, सरस्वतीबाईंचे डेव्हलपिंग पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच छटेचे आहे हेही सिद्ध केले. बी रुजताना, रोप वर येताना पाहून पैसे देणारे पुढे आले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर लागला. प्रूफ फसले असते तर गहाण पडलेली विमापत्रे तेवढी हाती उरली असती, असेही म्हणता येत नाही. ती तर सावकाराकडे होती.

काळ्यापांढऱ्या चित्रात आणखी एक फसवणूक असते, आणि ती फाळक्यांच्या पिढीला पुरेपूर ठाऊक होती. डोळा रंग पाहतो, फीत नुसता उजेड पाहते, आणि तोही डोळ्यासारखा पाहत नाही. त्या काळच्या फितीला तांबडा रंग दिसतच नसे. लाल शालू काळाठिक्कर येई, निळे आभाळ पांढरे होई, आणि कुंकू काजळासारखे उमटे. म्हणून विलायतेतले कॅमेरावाले निळ्या काचेचा तुकडा डोळ्याला लावून देखावा पाहत, म्हणजे फितीला तो कसा दिसेल याचा अजमास येई. पुढे सर्व रंग ओळखणारी फीत निघाली तेव्हा त्याच कामासाठी गडद पिवळसर तपकिरी काच आली. चित्र घेण्याच्या आधीच ते रंगहीन करून पाहण्याची ही युक्ती काही आण्यांची होती, आणि तिने किती फीत वाचविली याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

मुंबई-पुण्यापासून दूर, मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीत, या काटकसरीला अधिकच धार चढते. रायपूरचा तात्यापारा ही अशी वस्ती. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढी बोलीत आळी किंवा मोहल्ला. ब्राह्मणपारा, बुढापारा हे त्याचे शेजारी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढावर बसला तेव्हापासून मराठी माणसे या मुलखात येत राहिली, आणि पुढे कचेऱ्या, शाळा, वकिली व रेल्वे यांच्या निमित्ताने त्यांत भर पडली. ‘छत्तीसगढ मित्र’ काढून हिंदी पत्रसृष्टीत नाव मिळविणारे माधवराव सप्रे यांचे 1926 साली देहावसान झाले ते याच रायपुरात. अशा गावी अंधारखोली मांडणाऱ्याला परदेशी कागद मुंबई किंवा कलकत्ता या बंदरांवरूनच मिळावयाचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तेव्हा तो आणखी दुर्मिळ झाला. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा माल 1967 पासून निघू लागला आणि काही दशके त्याने गरज भागविली, पण तो कारखानाही पुढे बंद पडला.

शिवाय छत्तीसगढचा उन्हाळा! पुस्तकांत डेव्हलपरचे तपमान वीस अंश सेंटिग्रेड सांगितलेले असते, आणि मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तापलेला डेव्हलपर घाईने काम करतो, फितीवरचे जिलेटिन मऊ पडते, आणि सकाळी काढलेली टेस्ट स्ट्रिप दुपारी खोटी ठरते. बर्फाच्या परातीत डेव्हलपरची तबके ठेवून पहाटे काम उरकणे, हा त्यावरचा उष्ण मुलखातला सार्वत्रिक तोडगा होता.

आता अंधारखोली बहुतेक घरांतून गेली आहे, आणि तिच्या जागी संगणक, स्कॅनर व शाईचे छपाईयंत्र आले आहे. छपाईयंत्रे, शाया आणि पडदे यांना एका भाषेत बोलते करण्यासाठी 1993 साली आंतरराष्ट्रीय रंगमंडळ स्थापन झाले. प्रत्येक कागद व शाई यांच्या जोडीचा स्वभाव एका ‘प्रोफाइल’मध्ये नोंदवावयाचा, आणि त्या नोंदीच्या आधारे ते चित्र त्या कागदावर कसे दिसेल ते पडद्यावर दाखवावयाचे, ही त्यातली कल्पना. 2000 साली फोटोशॉपच्या सहाव्या आवृत्तीत ही सोय हाताशी आली. आज गिम्प आणि डार्कटेबल या फुकट मिळणाऱ्या साधनांतही ती आहे. उन्हातल्या चौकटीची बिजागरी दीडशे वर्षांनी परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि पडदा लबाड आहे. तो स्वतः प्रकाशतो. कागद केवळ दुसऱ्याचा प्रकाश परतवितो. साध्या पडद्यावरही अतिशुभ्र आणि अतिकृष्ण यांत हजारास एक असे प्रमाण असते. चकचकीत कागदावरची उत्तम शाई दीडशेस एकच्या आसपास थांबते. खरखरीत, बिनचकाकीच्या कागदावर हे प्रमाण चाळीसास एकच्या घरात येते. म्हणजे पडद्यावर सावलीत जी शंभर पावले दिसतात त्यांतली बरीचशी कागदावर एकाच काळ्या डागात बुडतात. त्यातून बाजारातला पडदा दुकानात उठून दिसावा म्हणून भडक उजेडावर लावलेला असतो. घरी छापणारांची सर्वांत मोठी तक्रार, ‘प्रती काळ्या येतात’ ही, पुष्कळदा छपाईयंत्राची नसून पडद्याच्या उजेडाची असते.

व्यावसायिक लोक यासाठी रंगमापक यंत्र घेतात. त्याची किंमत हौशी माणसाच्या छपाईयंत्राहून अधिक पडू शकते. परंतु काळ्यापांढऱ्या कामात त्यावाचून बरेच भागते, आणि हीच या छंदाची गंमत आहे. रंगाचा प्रश्नच नसल्याने मापावयाची ती केवळ काळेपणाची शिडी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी संगणकावर करावी आणि जो कागद वापरावयाचा त्याच कागदावर छापावी. एक दिवस तशीच राहू द्यावी, कारण शाईही वाळताना आपली छटा किंचित बदलते; ओल्या टेस्ट स्ट्रिपचा जुना धडा येथेही लागू आहे. मग तळच्या किती पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते मोजावे. तीन मिसळल्या असतील तर चित्रातल्या सावल्या तितक्या वर उचलल्यावाचून त्या छापल्या जाणार नाहीत, हे निश्चित समजावे. तीच पट्टी साध्या स्कॅनरवर घालून तिचा आलेख काढता येतो, आणि केवळ कृष्णधवल छपाईसाठी केलेल्या स्वस्त आज्ञावली त्या आलेखावरून प्रोफाइल बांधून देतात.

दिव्याच्या बाबतीत ग्रंथांचे अनुकरण आंधळेपणाने करू नये. छपाईच्या धंद्यात पाच हजार केल्व्हिनचा उजेड प्रमाण मानला आहे. तात्यापाऱ्यातल्या घरात भिंतीवर लावलेले चित्र मात्र साडेसहा हजारांच्या निळसर ट्यूबलाइटखाली पाहिले जाते. चित्र जेथे टांगावयाचे तेथल्याच दिव्याखाली कोरा कागद धरावा आणि पडद्यावरचा कोरा चौकोन त्याच्याइतका मंद होईपर्यंत उजेड कमी करीत जावा. यास खर्च काहीच नाही. रंगीत शायांच्या मिश्रणातून करडा रंग करणारे साधे यंत्र असेल तर तीच प्रत खिडकीशीही नेऊन पाहावी. दिव्याखाली शुद्ध दिसणारा करडा उन्हात हिरवट किंवा गुलाबी झालेला आढळतो. एप्सन कंपनीने 2005 साली तीन घनतेच्या काळ्या शायांचा संच काढला तो याच दोषावर उतारा म्हणून.

हे सर्व कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर आणि कपाटांत अद्याप काचेच्या निगेटिव्ह सापडतात. त्यांच्या मूळ प्रती पिवळ्या पडल्या, वाळवीने खाल्ल्या, वाटण्यांत हरवल्या. उरते ती काच, आणि तिच्यावर पागोटे घातलेला, शुभ्र उपरणे घेतलेला कोणी पूर्वज. त्याचा चेहरा पागोट्याच्या सावलीत आहे आणि उपरणे उन्हात. ताडून पाहावयास दुसरी प्रत नाही, त्याला पाहिलेले माणूसही हयात नाही. पडद्यावर सारे दिसते: कपाळावरच्या आठ्या, गंधाची रेघ, उपरण्याची जर. कागदावर जर राखावयास गेले तर आठ्या बुडतात, आठ्या वर काढल्या तर उपरणे कोऱ्या भिंतीसारखे होते. कोणते राखावयाचे हे प्रोफाइल सांगत नाही. ते फक्त इतकेच दाखविते की, दोन्ही राहणार नाहीत.

अशा वेळी ए-फोर कागदाच्या चार उभ्या पट्ट्या कापाव्यात. एकीवर पागोट्याची किनार आणि कपाळ एवढाच भाग छापावा, दुसरीवर उपरण्याचा काठ, आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी व रात्री दिव्याखाली पाहाव्यात. कपाळ आणि किनार यांच्यामधली रेघ दोन्ही वेळा सुटी दिसली की मग अखंड कागद यंत्रात घालावयाचा. न दिसली तर उरलेल्या दोन पट्ट्या आहेतच.